‘दार’ आणि ‘करी’

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अमलात आणल्या. कामगार संघटनांनी त्यांवर घेतलेले आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांचा ऊहापोह होत राहीलच. येथे मात्र त्या संहितांतील एका लहानशा गोष्टीकडे, म्हणजे एका नावाकडे, लक्ष वेधावयाचे आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ नावाचा एक नवा माणूस कायद्यात आणला. मालक आणि कामगार यांच्या पारंपरिक संबंधाबाहेर राहून जो काम करतो व त्यातून कमावतो तो गिग कामगार, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे हा कामगार खरा, पण त्याला मालक नाही. वेतन संहितेत त्याचा उल्लेखही नाही. ज्या कंपन्यांचे काम तो करतो त्यांनी त्याचे नामकरण याआधीच उरकून घेतले आहे. त्या त्याला ‘पार्टनर’ म्हणतात. भर पावसात दुचाकीवरून चौथ्या मजल्यापर्यंत जेवणाचा डबा नेऊन देणारा हा तरुण सरकारच्या लेखी मालकाविना कामगार आहे आणि कंपनीच्या लेखी भांडवलाविना भागीदार आहे. तो प्रत्यक्षात काय करतो हे या दोन्ही नावांतून कळत नाही. तो माल पोचवतो. त्याला ‘पोचवणारा’ म्हणावे असे कोणालाच वाटले नाही, आणि हे विस्मरण निर्हेतुक आहे असे मानण्याइतके आपण भाबडे असू नये.

क्रिया करणाऱ्या माणसाला नाव कसे द्यावयाचे हा व्याकरणाचा प्रश्न म्हणून शाळेत शिकविला जातो. ‘लिहिणे’पासून ‘लेखक’, ‘शेत’पासून ‘शेतकरी’, ‘जमीन’पासून ‘जमीनदार’ अशी उदाहरणे मुले पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. वस्तुतः समाजाने श्रमाचा हिशेब कसा मांडला आहे हे जाणून घ्यावयाचे असेल, तर प्रत्ययांच्या या यादीसारखे दुसरे साधन नाही. कोणाला त्याच्या कृतीवरून ओळखावयाचे, कोणाला त्याच्या ताब्यातील वस्तूवरून, कोणाला त्याच्या बापावरून आणि कोणाला तिच्या नवऱ्यावरून, हे सारे त्या प्रत्ययांत नोंदलेले आहे.

आरंभ पाणिनीपासून करणे भाग आहे, कारण कर्त्याचा इतका बारकाईने विचार करणारा दुसरा वैयाकरण प्राचीन जगात नाही. पाणिनीने कर्त्याची जी व्याख्या केली तिच्यात एकच अट आहे: स्वातंत्र्य. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता. लगेच पुढच्या सूत्रात तो त्या कर्त्याला कामाला लावणाऱ्याचा विचार करतो, त्याला ‘हेतू’ ही वेगळी संज्ञा देतो, आणि त्यालाही कर्ता म्हणावयास हरकत नाही असे सुचवितो. स्वयंपाक करणारा वेगळा आणि करविणारा वेगळा, हे भान दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या व्याकरणाला होते. ते आपल्या कायद्यांना कितपत आहे हे पुढे पाहू.

पाणिनीच्या व्याकरणात आणखी एक मजेदार भेद आहे. धातूला ‘अक’ लावून कर्त्याचे नाम बनते. पाचक, लेखक, सेवक ही सारी त्याच घडणीची. पण कर्ता शिल्पी, म्हणजे हातकारागीर असेल, तर त्याच्यासाठी पाणिनीने निराळा प्रत्यय सांगितला. नर्तक, रजक, खनक हे शब्द त्या प्रत्ययाचे. कानाला काही फरक जाणवत नाही. तो जाणवतो स्त्रीलिंगी रूपात. लेखकाची ‘लेखिका’ होते, नर्तकाची मात्र ‘नर्तकी’. आज आपण हे दोन्ही शब्द सर्रास वापरतो तेव्हा कारागिराचे खाते व्याकरणानेही वेगळे ठेवले होते याची जाणीव आपल्याला नसते. पाणिनीने यात काही अन्याय केला असे मला म्हणावयाचे नाही. त्याने आपल्या काळच्या बोलण्याची नोंद केली, एवढेच.

मराठीकडे वळले की चित्र अधिक स्पष्ट होते, कारण मराठीने कर्त्याची नावे चहूकडून गोळा केली आहेत. सर्वांत जुना थर कुंभार, लोहार, सोनार, चांभार, कासार या शब्दांचा. मूळ संस्कृत शब्द कुंभकार, लोहकार, सुवर्णकार, चर्मकार, कांस्यकार असे आहेत. यांतला ‘कार’ हा ‘कृ’ धातूचा, म्हणजे ‘करणे’ या क्रियेचा. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘क’ गळून पडला आणि ‘कुंभकार’चा ‘कुंभार’ झाला. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ही अगदी सामान्य घटना आहे. पण घडले काय ते पाहा. त्या शब्दातून ‘करणे’ नाहीसे झाले आणि माणूस मात्र तसाच राहिला. कुंभार म्हणजे मडकी करणारा, हे आज शब्दातून ऐकू येत नाही. चाकाला सात पिढ्यांत हात न लागलेला माणूसही कुंभारच राहतो, आणि दुसऱ्या कोणी उत्तम मडकी घडविली म्हणून त्याला कुंभार होता येत नाही. क्रियेचे नाव जन्माचे नाव बनले. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली सांगितले. श्रम आणि श्रमिक या दोन शब्दांतील अंतर ते हेच. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांच्या यादीत लोहार, कुंभार, सोनार, नाई, धोबी ही नावे व्यवसायनामांच्या जोडीने छापलेली आहेत. सरकारी कागदावरदेखील व्यवसाय आणि जात यांमधली रेषा किती पुसट आहे हे त्या यादीवर नुसती नजर टाकली तरी कळते.

या थरातला एक शब्द जरा वेगळा आहे. ‘सुतार’ हा ‘सूत्रधार’पासून आला, लाकडावर सूत धरून रेघ आखणारा तो सुतार. त्यातला ‘धार’ म्हणजे धरणारा. फारसीतला ‘दार’ हा या ‘धार’चाच नातलग आहे. अर्थ तोच, धरणारा, बाळगणारा. म्हणजे सुतार आणि जमीनदार ही शब्दांच्या घराण्यात चुलत भावंडे ठरतात. एकाच्या हाती दोरी राहिली, दुसऱ्याच्या हाती जमीन गेली.

फारसीमार्गे आलेल्या या ‘दार’ने मराठीत केवढा संसार थाटला! जमीनदार, इनामदार, जहागीरदार, वतनदार, सुभेदार, हवालदार, ठेकेदार, भागीदार, दुकानदार, खातेदार. या सर्व नावांत एक गोष्ट समान आहे. यांतला कोणीही त्या नावापुरता काही करीत नाही. त्याच्याजवळ काही तरी असते. जमीन असते, इनाम असते, ठेका असतो. ‘दार’ हा करण्याचा प्रत्यय नसून असण्याचा प्रत्यय आहे.

याच्या समोर उभा आहे तो अस्सल मराठी ‘करी’. शेतकरी, कष्टकरी, कामकरी, मोलकरी, वारकरी, टाळकरी, पहारेकरी. हाही ‘करणे’च्याच घराण्यातला, पण ‘कुंभार’मध्ये मेलेली क्रिया ‘शेतकरी’त जिवंत आहे. वारी चुकली तर वारकरीपण धोक्यात येते. वारकऱ्याच्या मुलाला स्वतः पंढरीची वाट चालावी लागते. (‘गावकरी’ काही करीत नाही, नुसता गावात राहतो, अशी शंका चोखंदळ वाचक काढतील. भाषेत अपवाद असावयाचेच.) आणि यांहूनही मोकळा तो ‘णारा’. करणारा, नांगरणारा, विणणारी, पोचवणारी. कोणत्याही क्रियापदाला हा लागतो, कोणाही माणसाला लागू होतो, त्याला वंश नाही, दप्तर नाही, कोशात नोंद नाही. काम चालू आहे तोवर तो करणारा. मराठीतला सर्वांत लोकशाहीवादी प्रत्यय कोणता असे कोणी विचारले, तर मी ‘णारा’कडे बोट दाखवीन.

शब्दांचे भाग्य मात्र प्रत्ययावर ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘कामगार’ हा शब्द घ्या. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा १८८३ चा ग्रंथ. त्यात सरकारी कामगारांचा उल्लेख जागोजाग येतो आणि तेथे कामगार म्हणजे अधिकारी, अंमलदार. गोरा कलेक्टरही कामगारच. शेतकऱ्याला नाडणारा तो कामगार. पुढच्या अर्धशतकात मुंबईच्या गिरण्यांनी तो शब्द कचेरीतून खाली आणला आणि मागावर उभा केला. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन स्थापन झाली तोवर त्याचा अर्थ पुरता पालटला होता, आणि १९४७ मध्ये ‘शेतकरी’ व ‘कामगार’ ही दोन कर्तृनामे एकत्र घेऊन एक पक्षच स्थापन झाला. फुल्यांच्या गद्यात परस्परविरोधी असलेले हे शब्द साठ-सत्तर वर्षांत एका बाजूला आले. हे काम कोणा भाषाशास्त्रज्ञाने केलेले नाही.

‘दार’च्या बाबतीतही सरसकट निवाडा देता येत नाही. बलुतेदार हाही ‘दार’च होता. गावाच्या खळ्यावर त्याचा हक्क होता, आणि तो हक्क नावात नोंदलेला होता. परंतु महार वतनदाराची कथा आपण जाणतो. नावाला वतन, प्रत्यक्षात रात्रंदिवस गावकीची आणि सरकारची ताबेदारी. वतन त्याने धरलेले नव्हते, वतनाने त्याला धरलेले होते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. ती वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

आता पाणिनीच्या ‘हेतू’कडे परत यावयाचे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्या चळवळीने गावोगाव पोचविली. व्याकरणाच्या अंगाने ही घोषणा विलक्षण आहे, कारण तिच्यात कर्त्याचे नामच नाही. शेतकरी नाही, कूळ नाही, खातेदार नाही. नुसते क्रियापद आहे. जो कसेल तो. प्रत्ययाला वळसा घालून घोषणेने थेट क्रियेला हात घातला. कायद्याला मात्र नामाशिवाय आणि व्याख्येशिवाय चालत नाही. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यात जातीने जमीन कसणे म्हणजे काय हे सांगितले आहे: स्वतःच्या श्रमाने कसणे, कुटुंबीयांच्या श्रमाने कसणे, आणि तिसरे, स्वतःच्या अथवा कुटुंबीयाच्या देखरेखीखाली मजुरांकडून कसून घेणे. हे तिसरे कलम वाचताना वाटते, पाणिनीने जे दोन माणूस वेगळे ठेवले त्यांना कायद्याने एकाच सदऱ्यात कोंबले. कसणारा आणि कसविणारा एक झाले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवसापासून लक्षावधी कुळे जमिनीचे मालक झाली, आणि ती उपलब्धी लहान नव्हे. पण बांधावर छत्री घेऊन उभा राहणाराही ‘कसणारा’ ठरू शकतो ही पळवाट त्याच व्याख्येत होती. मजुरी घेऊन चिखलात राबणारा मजूर त्या वाक्यात आला तो केवळ साधन म्हणून.

हीच गोष्ट अलीकडे पुन्हा दिसली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे नाव किसानाचे, पण लाभ जमीनधारक कुटुंबाचा. दुसऱ्याची जमीन खंडाने वा बटाईने करणारा, ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो त्यात बसत नाही. शब्द ‘करी’चा आणि पात्रता ‘दार’ची. शेतकरी म्हणजे शेत करणारा हे मराठीला ठाऊक आहे. शासनाला शेतकरी म्हणजे खातेदार एवढेच ठाऊक आहे.

ही लबाडी केवळ आपल्याकडची नाही. जर्मन भाषेत मालकाला जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘काम देणारा’ आणि मजुराला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘काम घेणारा’. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडाची तिसरी जर्मन आवृत्ती १८८३ मध्ये निघाली, तिच्या प्रस्तावनेत एंगल्सने या शब्दांची चांगलीच हजेरी घेतली. श्रम देतो तो मजूर आणि पैसे मोजून घेतो तो मालक. मग देणारा-घेणारा यांची नावे उलटी कशी झाली, हा त्याचा प्रश्न. या दोन शब्दांवाचून जर्मन कामगार कायदा आजही बोलू शकत नाही. आणि आपल्याकडे ‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा’ असा उपदेश तरुणांना व्यासपीठावरून केला जातो तेव्हा तेच व्याकरण बोलत असते. इंग्रजीने आणखी एक युक्ती केली. ‘एम्प्लॉयर’मधला शेवटचा प्रत्यय करणाऱ्याचा, तर ‘एम्प्लॉयी’मधला ज्याच्यावर क्रिया घडते त्याचा. दिवसभर काम करणारा कामगार त्या शब्दात कर्ता नाहीच. तो नेमला गेलेला आहे. अरबी भाषा या बाबतीत निःपक्षपाती म्हणावयास हवी. एखादी क्रिया वारंवार, धंदा म्हणून करणाऱ्यासाठी ती मधले व्यंजन दुप्पट करून एक ठरावीक साचा वापरते. हमाल, दलाल, सराफ हे तिन्ही शब्द त्या एकाच साच्यातून निघाले आणि फारसीमार्गे आपल्या बाजारपेठेत येऊन बसले. व्याकरणाने तिघांना एका मापाने मोजले होते. बाजाराने तसे केले नाही. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला, तेव्हा कोठे त्यांतल्या एकाच्या मापातील खोट काही अंशी भरून निघाली.

आणि ‘पार्टनर’? त्याचा पूर्वज ‘नोकर’ या शब्दात आहे. हा मुळात मंगोल शब्द. चंगीझखानाच्या काळी सरदाराच्या बरोबरीने लढणारा, स्वेच्छेने त्याच्याशी निष्ठा जोडलेला सोबती तो नोकर. फारसीतून हिंदुस्थानात येईपर्यंत त्या सोबत्याची काय गत झाली ते आपण जाणतोच. ज्या शब्दाने सोबत्याला चाकर बनविले त्याच्या उलट दिशेने आज कंपन्या निघाल्या आहेत. चाकराला सोबती म्हणत आहेत, चाकरी मात्र तशीच ठेवून. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना स्वतंत्र व्यावसायिक न मानता ‘वर्कर’ ठरविले. एका नामाची ही लढाई होती आणि तिच्या निकालावर किमान वेतन व भरपगारी रजा अवलंबून होती.

स्त्रियांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तरी त्याला स्पर्श केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कुंभारीण, लोहारीण, सुतारीण, पाटलीण या शब्दांतला ‘ईण’ काय सांगतो? कुंभाराची बायको, पाटलाची बायको. माती तुडविणारी, चाळणारी, भट्टी लावणारी तीच असली, तरी नावात तिचे लग्न आहे, तिचे काम नाही. इंग्रजीतला ‘स्पिन्स्टर’ हा याचा नेमका उलटा नमुना. मूळ अर्थ सूत कातणारी. पुढे कायद्याच्या कागदांवर त्याचा अर्थ ‘अविवाहिता’ एवढाच उरला. म्हणजे तेथे कामाचे नाव होते, ते पुसून लग्नाचा तपशील लिहिला. मराठीत ‘ईण’ लागूनही ज्यात काम शिल्लक राहिले असा ठळक शब्द ‘मोलकरीण’. मोल घेऊन काम करणारी. किती स्वच्छ, स्वाभिमानाचा शब्द! कामाचे मोल असते हे त्याच्या पहिल्याच दोन अक्षरांत आहे. पण ‘मोलकरी’ हे पुल्लिंगी रूप वापरातून जवळजवळ गेले आणि स्त्रीलिंगी रूप हेटाळणीचे झाले. १९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला आणि त्यानंतर संघटना बांधली ती ‘मोलकरीण’ हेच नाव मिरवीत. २००८ मध्ये राज्याने कायदा केला तो ‘घरेलू कामगार’ या नावाने. ‘घरेलू’ हे हिंदी विशेषण मराठी कायद्यात कशाला आले, ‘घरकामगार’ म्हणावयास कोणाची हरकत होती, हे मला अद्याप उमगलेले नाही. तरीही त्या नावात ‘कामगार’ आहे, आणि तो संघटनांनी भांडून मिळविलेला आहे.

याच्या नेमके उलट शासनाने जेथे आपण होऊन नाव दिले तेथे काय झाले? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी चालविणारी ती ‘सेविका’ आणि तिला साहाय्य करणारी ती ‘मदतनीस’. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याच्याबरोबर ‘आशा’. तिला मराठीत ‘स्वयंसेविका’ हे नाव मिळाले. २००० मध्ये महाराष्ट्राने शाळांतून ‘शिक्षण सेवक’ नेमण्यास प्रारंभ केला. वर्गात उभा राहून तो शिकवितो, परीक्षा घेतो, जनगणनेला जातो. पण पहिली तीन वर्षे तो शिक्षक नसतो, सेवक असतो. आणि या सर्वांना जे मिळते ते वेतन नसून ‘मानधन’ असते. नाव बदलले की पैशाचेही नाव बदलते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिक्षकाला वेतन द्यावे लागते, सेवकाला मान दिला की भागते.

‘सेवक’ हा शब्द वाईट नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा सुशिक्षित तरुणांनी ते नाव आपणहून घेतले आणि अल्प वेतनात जन्म काढला. स्वतः घेतलेले ते व्रत. दुसऱ्याने लादले की त्याच शब्दाची वेठ होते. अंगणवाडीच्या बायांनी हे कधीच ओळखले. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात त्यांनी सुरू केलेला संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला, आणि त्यांच्या मागण्यांत शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा ही मागणी जुनीच आहे. त्याआधी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा लागू केला, आणि तो करताना त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच होय असे म्हटले. सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, एका शब्दाचा मुखवटा उतरला.

अशा वेळी नवे नाव घडविणेही शक्य असते, याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यावरून कागद, काच, पत्रा गोळा करणाऱ्या या बहुसंख्य दलित स्त्रियांना गावाने ‘कचरेवाल्या’ म्हटले होते. म्हणजे कचरा ही त्यांची ओळख. पंचायतीने नावात ‘कष्टकरी’ घेतले, आणि व्यवहारात ‘कचरा वेचक’ हा शब्द रुळला. ‘वेचक’ या शब्दाकडे नीट पाहावे. ‘वेचणे’ हे साधे, घरगुती मराठी क्रियापद. त्याला ‘लेखक’, ‘शिक्षक’, ‘संपादक’ यांचा ‘क’ लावला आहे. एखादा शुद्धतावादी नाक मुरडील. मला मात्र अलीकडच्या मराठीतली ही फार मोलाची घडण वाटते, कारण संपादकाच्या पंक्तीला तिने वेचणारीला बसविले आणि कचऱ्याऐवजी तिची क्रिया पुढे आणली. ती घाण करीत नाही, ती निवडते, वेगळे करते, विकते. नव्वदच्या दशकात महापालिकेने ओळखपत्रे मान्य केली, २००८ मध्ये या स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. नाव आधी आले की हक्क आधी, हा वाद व्यर्थ आहे. ते दोन्ही हातात हात घालून आले.

पण नावाच्या गोडव्याला भुलू नये, हेही बजावले पाहिजे. शेतकऱ्याला अलीकडे ‘अन्नदाता’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ‘दाता’ हे संस्कृतातले भारदस्त कर्तृनाम. त्याचा तोटा असा की, दाता दान करतो आणि दानाला भाव नसतो. शेतकरी धान्य विकतो आणि किंमत मागतो. अन्नदाता देतो आणि नमस्कार घेऊन घरी जातो. तसेच, आपल्या स्वतःच्या घरातही थोडे डोकवावे. पक्षाच्या समितीत नेता असतो, म्हणजे नेणारा. चिटणीस असतो, म्हणजे फारसी व्युत्पत्तीने चिठ्ठ्या लिहिणारा. खजिनदार असतो, तो तर उघडच ‘दार’ आहे. आणि सर्वांत शेवटी कार्यकर्ता, ज्याच्या नावात ‘कृ’ धातू दोनदा येतो. सतरंज्या घालण्यापासून तुरुंगात जाण्यापर्यंत सारे करणे त्याच्याकडे आहे हे भाषेने बरोबर हेरले आहे. ठराव लिहिताना त्याचे मत घेतले जाते काय, हे ज्याने त्याने आपापल्या शाखेत पाहावे. पाणिनीच्या व्याख्येत कर्ता स्वतंत्र असावा लागतो.

हे सारे लिहिण्यास एक तातडीचे निमित्तही आहे. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आहे. २०११ च्या जनगणनेत ज्या व्याख्या होत्या त्यांनुसार शेतीवर परिणामकारक देखरेख करणारा माणूसही शेती करणारा म्हणून मोजला गेला, आणि केवळ स्वतःच्या घरातले काम करणारी स्त्री काम न करणाऱ्यांत गेली. या व्याख्या बदलण्याची मागणी तर लावून धरावीच. परंतु जी स्त्री घरच्या शेतात निंदते, खुरपते, जनावरांचे करते, तिला आहे त्या व्याख्येनेही ‘काम करणारी’ म्हणून नोंद मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी मजुरी मिळालीच पाहिजे अशी अट तेव्हाही नव्हती. ती नोंद होत नाही, कारण प्रगणक दारात उभा राहून पुरुषाला विचारतो आणि पुरुष सांगतो, ‘ती घरीच असते.’ कित्येकदा तीही तेच सांगते. गावशाखांनी आतापासून घरोघर जाऊन बायांशी बोलावे, त्या दिवसभरात काय काय करतात ते त्यांच्याच क्रियापदांत त्यांच्याकडून वदवून घ्यावे, आणि प्रगणक येईल त्या दिवशी ती शेतावर असली तर तिला हाक मारून बोलवावे. उत्तर तिने द्यावे.